मंगळूच्या डोळ्यातलं पाणी

२८ ऑक्टोबर, मंगळवार

त्या पिकअपवाल्याला देव सद्‌बुद्धी देवो, असं मी लिहिणार नाही. देवाने त्याला बघून घ्यावं. टोमॅटोचे क्रेट लादून मखमलाबाद रोडने असा सुसाट आला, जणू मार्केट कमिटी आज संध्याकाळी कायमची बंद होणार आहे. आमचा कुत्रा मंगळू रस्त्याच्या कडेला होता. कडेला! मी फाटकातून बघत होते. गाडीने त्याच्या कमरेला धडक दिली, तो गटारीकडे फेकला गेला. ड्रायव्हरने गाडी जरा हळू केली, आरशात बघितलं आणि निघून गेला. ते आरशात बघणं मला धडकेपेक्षा जास्त झोंबलं.

मंगळू ओरडला नाही. पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत फाटकापर्यंत आला आणि माझ्या पायावर तोंड टेकवून पडला. पॉलिहाऊसमागे कुणीतरी टाकून दिलेलं पिल्लू होतं हे. तेव्हापासून जरबेऱ्याच्या वाफ्यांमधून माझ्यामागे फिरतं. फुलं खुडताना मी पुढे, हा मागे.

ह्यांनी (म्हणजे माझे मिस्टर मनोज, वही कुणा परक्याच्या हाती पडली तर कळावं म्हणून नाव लिहिते) गोणपाटात घालून त्याला गाडीत ठेवलं. गंगापूर रोडला कुत्र्यामांजरांचं नवं मोठं हॉस्पिटल झालं आहे, तिथे नेलं. डॉ. भाग्यश्री मॅडमनी एक्स-रे दाखवला. कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. उद्या ऑपरेशन, आत धातूची पट्टी आणि स्क्रू.

घरी आल्यावर मी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरत होते, तर हे म्हणाले, "लता, वहीत लिही. निम्मं तिथंच जिरेल."

लिहिलं. जिरलं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळू घरी आला! डॉ. भाग्यश्री म्हणजे खरंच देवमाणूस. वय असेल पस्तीस, पण हात कसा सराईत. मागचे केस भादरलेत, टाके एका ओळीत, शिवणकामाच्या बाईलाही जमणार नाहीत असे.

पाठीवर केस काढून एक औषधाची पट्टी चिकटवली आहे, बोटभर लांब. अफूच्या जातीचं औषध आहे म्हणे, कातडीतून हळूहळू अंगात उतरतं आणि दुखणं कळू देत नाही. मॅडम म्हणाल्या, "काकू, पट्टीला हात लावायचा नाही, त्याला चाटू द्यायची नाही, ऊन किंवा शेक लागू द्यायचा नाही. दर तीन-चार दिवसांनी आणा, आम्ही बदलू. तो झोपून राहील. झोपू दे."

मी विचारलं, "अजून काही काळजी?"

"काही नाही. दुखणार नाही, एवढं नक्की."

हा प्रश्न मी विचारला होता. हे मी आज, आजच्या तारखेला लिहून ठेवते आहे, कारण मी सगळं विचारणारी बाई आहे.

गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घातलंय, टाके चाटू नयेत म्हणून. फुलबाजारातल्या लाउडस्पीकरसारखा दिसतो.

२ नोव्हेंबर, रविवार

लग्नसराई तोंडावर आहे आणि जरबेऱ्याला नेमकी आत्ता लाल कोळीची कीड लागलीय. त्यात मजुरीला बाया मिळत नाहीत. तरी मंगळूसाठी ओसरीत गादी टाकून दिली आहे आणि येताजाता बघते.

शांत आहे अगदी. काल पट्टी बदलून आणली. डोळे अर्धवट उघडे ठेवून पडून असतो. मी हाक मारली की शेपटीचं टोक तेवढं हलतं.

हे संध्याकाळी त्याच्यासमोर बसले होते बराच वेळ. म्हणाले, "लता, ह्याच्या डोळ्यातली बाहुली बघ. मोहरीएवढी झालीय."

"उजेडाने होते."

"अंधार पडलाय."

"मग अशक्तपणा असेल."

"आणि तो डोळे मिचकावत नाहीये गं. मी बसल्यापासून फार तर दोनदा."

मी म्हटलं, तुम्हाला दुसरं काही काम नाही का? जिवावरचं दुखणं निभावलंय, कुत्रं निवांत पडलंय, तर तुम्ही त्याच्या पापण्या मोजत बसलात. ह्यांना काहीही दिसतं. परवा म्हणे पंपाचा आवाज बदललाय. (तो पंप आज जळाला, पण तो वेगळा विषय.)

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी शेजारच्या गोटीराम भाऊजींशी भांडले आणि मला अजिबात वाईट वाटत नाही.

सकाळी मंगळूचे दोन्ही डोळे पिवळट चिकट घाणीने भरलेले. कोमट पाण्याने पुसले तर आतला डोळा निस्तेज. एरवी डोळे कसे, ओल्या जांभळासारखे. आज वाळल्या जांभळासारखे. तेवढ्यात बांधापलीकडून फवारणीच्या ब्लोअरचा आवाज आला. गोटीरामांची द्राक्षबाग, छाटणी झालेली, डाऊनी रोगाच्या भीतीने ते दिवसाआड औषध मारतात. वारा आमच्याकडे. ओसरीत औषधाचा वास.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तशीच बांधावर गेले.

"भाऊजी, ब्लोअर बंद करा आधी!"

त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. "काय झालं वहिनी?"

"माझ्या कुत्र्याचे डोळे गेले तुमच्या औषधाने. मुकं जनावर ओसरीत जायबंदी पडलंय, त्याला पळताही येत नाही, आणि तुम्ही खुशाल धूर सोडताय!"

"माझ्या औषधानं?"

"मग काय माझ्या?"

"वहिनी, मी ह्या वावरात पंधरा वर्सं झाली औषध मारतोय. तुमच्या दोन गाया तिथंच गोठ्यात हायेत, ओसरीच्या फुडं. त्यांच्या डोळ्याला काय झालं का? तुमच्या डोळ्याला झालं का?"

"तो आजारी आहे. त्याला लवकर बाधतं."

"मंग त्याला काय औषध चालूये ते बघा ना. माझ्या औषधाला लय अक्कल हाय का, फक्त कुत्र्याच्याच डोळ्यात जायाला?"

असं उलट बोलतात. पडती बाजू असली की माणूस असाच बोलतो. मी सांगितलं, तलाठ्यापासून कृषी अधिकाऱ्यापर्यंत सगळीकडे तक्रार करीन. ते म्हणाले, करा. आणि ट्रॅक्टर सुरू केला.

हे मला बांधावरून हाताला धरून घेऊन आले. माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटल. पट्टी बदलली. मी म्हटलं, डोळे बघा. मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. एक तरुण डॉक्टर होता, त्याने मोबाइलच्या टॉर्चने लांबून बघितलं, "इन्फेक्शन आहे" म्हणाला आणि थेंबांची बाटली दिली. दिवसातून तीन वेळा घाला. मी फवारणीचं सांगितलं तर तो म्हणाला, "हां, त्यानेही होऊ शकतं."

बघा! डॉक्टरच म्हणाला. गाडीत मी हे ह्यांना तीनदा ऐकवलं.

हे म्हणाले, "त्याने काहीही म्हटलं असतं. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं."

८ नोव्हेंबर, शनिवार

थेंब वेळच्या वेळी घालते आहे, एकही वेळ चुकवलेली नाही. तरी डावा डोळा निळसर पांढरा झाला आहे. दुधात नीळ पडावी तसा. मधोमध खड्डा पडल्यासारखं काहीतरी दिसतं. उजवाही लालभडक. मंगळू मान गादीत खुपसून घेतो, पण नरसाळ्यामुळे तेही जमत नाही बिचाऱ्याला.

पट्टी बदलायला गेलो. आत नेतात, पाठ बघतात, टाके बघतात, पाय ओढून बघतात, नवी पट्टी लावतात, बाहेर आणून देतात. त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही! मी म्हटलं, डोळ्याचं काय? काउंटरवरची मुलगी म्हणाली, थेंब चालू आहेत ना, चालू ठेवा, वेळ लागतो.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, म्हसरूळच्या, मांडीवर चपट्या तोंडाचं कुत्रं, पिंकी नावाचं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्यालापण पट्टी लावली का? आमच्या पिंकीचे डोळे पट्टीनंतर असेच कोरडे पडले होते. माझा भाचा परदेशात असतो, त्याने शोधून सांगितलं की ह्या औषधाने डोळ्यातलं पाणी आटतं."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकले.

"तुम्हाला इथे कुणी सांगितलं नाही?"

"छे हो. सांगतात का कधी?"

गाडीत ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं. म्हटलं, आधी घरी चला. आल्याबरोबर मी मंगळूला मांडीवर घेतलं आणि ती पट्टी ओरबाडून काढली. आजच लावलेली. हे धावत आले. "लता, अगं असं करू नको, आधी फोन करून विचार तरी!"

"कुणाला विचारू? ज्यांनी डोळे घालवले त्यांना?"

पट्टी घडी करून कचऱ्यात टाकणार होते, तर ह्यांनी हातातून काढून घेतली आणि डबीत घालून कपाटात ठेवली. म्हणे, गाय चाटेल. ह्यांना अशा वेळीही गाय सुचते.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात होत नाही.

सकाळपासून मंगळू ओरडतो आहे. धडक बसली तेव्हा ओरडला नव्हता, तो आज ओरडतो आहे. कूस बदलायला गेला तरी, नाही बदलली तरी. पाणी पीत नाही. अंग थरथरतं. ह्यांनी खालून हात घालून त्याला उचलायचा प्रयत्न केला तर त्याने ह्यांच्या तळहातावर दात रुतवले. आमच्या मंगळूने! आयुष्यात त्याने गोठ्यातल्या उंदरावरही तोंड टाकलं नाही.

ह्यांनी हात मागे घेतला नाही. तसाच ठेवला, तो सोडेपर्यंत. मग नळाखाली धरला आणि म्हणाले, "त्याची चूक नाही."

मी म्हटलं, "मग माझी आहे, असं म्हणायचंय का?"

ते काही बोलले नाहीत. हेच मला सहन होत नाही. माणसाने बोलावं की.

हॉस्पिटल रविवारचं बंद. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. एवढी मोठी काचेची इमारत आणि रविवारी जनावराने दुखणं दाबून धरायचं!

हे जाऊन कुत्रं चावल्याचं इंजेक्शन टोचून घेऊन आले आणि ओट्यावर बसून मोबाइलवर कुणाकुणाला फोन करत राहिले. मुंबईत जनावरांच्या फक्त डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणे. उद्या सकाळी निघायचं.

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडीच्या मागच्या सीटवर मी आणि मंगळू. कसारा घाटात प्रत्येक वळणाला तो कण्हत होता आणि प्रत्येक वळणाला मी त्या हॉस्पिटलला काय काय बोलायचं ते पाठ करत होते.

डॉ. साई आहेर. मूळ नांदगावचे, त्यामुळे बोलताना जरा आपलं माणूस वाटलं. त्यांनी आधी मंगळूला दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तो शांत होईपर्यंत थांबले, आणि मग डोळ्यांना हात लावला. ही साधी गोष्ट, पण मी बघितली.

टीपकागदासारखा एक चिंचोळा तुकडा असतो, तो त्यांनी खालच्या पापणीत अडकवला आणि घड्याळ लावलं. म्हणाले, "हा कागद ह्या रेघेपर्यंत भिजायला हवा." उजव्या डोळ्याचा तुकडा जेमतेम टोकाला ओला झाला. डाव्याचा तर कोराच. मग हिरवट रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात दाखवलं. डाव्या डोळ्याच्या काचेवर हिरवी विहीर. उजव्यावर हिरवे ओरखडे.

"काय काय औषधं चालू होती?"

मी सगळं सांगितलं. थेंबांची बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून नाव वाचलं आणि टेबलावर ठेवली, जरा जोरातच.

"ह्यात स्टिरॉइड आहे. बुबुळावर जखम असताना हे घालायचं नसतं. जखम भरत नाही, वितळत जाते. घालण्याआधी ही हिरवी तपासणी केली होती का?"

"मोबाइलच्या टॉर्चने बघितलं होतं."

त्यांनी समजावून सांगितलं. अफूच्या जातीच्या दुखण्याच्या औषधाने कुत्र्याची बाहुली बारीक होते, ते फारसं वाईट नाही. पण डोळ्यात पाणी कमी बनतं, पापण्या मिटायचं प्रमाण कमी होतं आणि गुंगीत डोळा अर्धा उघडा राहतो. तळ्यातलं पाणी आटलं की तळाला भेगा पडतात, तसं. धूळ बसते, जखम होते. प्रत्येक कुत्र्याला होतंच असं नाही, आणि औषध थांबल्यावर पाणी बहुतेक वेळा परत येतं. तोवर फक्त डोळ्यात ओलाव्याचं मलम घालत राहायचं.

"बस? एवढंच?"

"एवढंच, काकू. साधं मलम."

मी म्हटलं, "मी पट्टी काढून टाकली. बरं केलं ना?"

"नाही," ते म्हणाले. "मोडलेलं हाड आहे. तुम्ही त्याचं दुखणं परत केलंत, डोळे नाही. पट्टी वाईट नव्हती."

बारा गावचे लोक माझ्याशी असं बोलायला कचरतात. आणि हा पोरगा सरळ बोलला. रागाने माझे कान तापले. पण मंगळू त्या वेळी माझ्या मांडीवर मान टाकून झोपला होता, परवापासून पहिल्यांदा, म्हणून मी गप्प बसले.

डावा डोळा फुटायच्या बेतात आहे. काढावा लागेल. उजवा वाचवू म्हणतात.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मोहरीएवढी बाहुली मला दिसली होती." एवढंच. उगाळलं नाही. उगाळलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोळा काढला. मी बघितलं नाही. हे आत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंगळू घरी. डावीकडे आता नुसती शिवण. उजव्या डोळ्यात मलम, शिवाय त्याच्याच रक्तातून काढलेल्या पाण्याचे थेंब. मलम हे घालतात, मला जमत नाही. हे त्याचं नरसाळं काढतात, खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढतात, मलमाची रेघ सोडतात आणि पापणी मिटवून धरतात. ह्यांच्या हाताला अजून बँडेज आहे. तोच हात त्याच्या तोंडाशी नेतात. मंगळू तो चाटतो.

गोटीरामांकडे जायला पाहिजे, असं हे कालपासून म्हणत होते. म्हटलं, त्यांनी तरी मला कुठे नीट शब्दांत सांगितलं होतं? तर हे म्हणाले, "तुला नीट शब्दांत सांगितलेलं ऐकू येतं का?"

गेले. मी जरबेऱ्याची एक जुडी घेऊन गेले. भाऊजी खळ्यात औषधाच्या टाक्या धूत होते. मी जुडी त्यांच्यापुढे धरली. आणि म्हटलं, "तुमच्या औषधाला अक्कल नव्हती."

ते हसले. "बसा वहिनी, च्या टाकायला सांगतो. कुत्रं कसं हाय?"

"एक डोळा गेला."

"अरारा." ते हात पुसत उठले. मग म्हणाले, "पण त्या डॉक्टरणीला असंच सोडणार का काय? मला ज्या भाषेत बोललात, त्यातली थोडी तिला बी ऐकवा की. का ती फक्त शेजाऱ्यालाच?"

ह्या माणसाशी मी उगाच भांडले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटल. कमरेतला स्क्रू बघायला तिथेच जावं लागतं, कारण हाड त्यांनीच बसवलंय. केवढा हा अन्याय! ज्याने घर जाळलं त्याच्याकडेच पाणी मागायला जायचं.

आज मॅडम भेटल्या. मंगळूची शिवण बघून त्यांचा चेहरा पडला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. म्हणाल्या, "हे कसं झालं?"

मी सांगितलं कसं झालं ते. घाटात पाठ केलेलं सगळं. बाहेर बसलेल्या लोकांनी माना वळवल्या असणार, कारण आतला दरवाजा काचेचा आहे.

मॅडम म्हणाल्या, "काकू, पट्टी लावली नसती तर दुखण्याने तो जेवला नसता, हलला नसता. हाड जुळलं ते त्यामुळे."

"पट्टीबद्दल मी बोलतच नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, अजून काही काळजी? तुम्ही म्हणालात, काही नाही."

"शंभर गोष्टी असतात. उलटी होते, पोट साफ होत नाही, गुंगी येते. सगळं सांगत बसलं तर लोक घाबरतात आणि घरी जाऊन पट्टीच काढून टाकतात. मग जनावर तळमळतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हीपण काढलीतच ना?"

हे बाजूलाच उभे होते. त्यांच्या हातावरचं बँडेज मला दिसलं.

मग मी म्हटलं, "काढली. कारण मला ते परक्या बाईकडून कळलं. तुमच्याकडून कळलं असतं तर मी मलम घातलं असतं."

हे उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं, ह्याचं समाधान आहे. एरवी घरी पोचल्यावर सुचतं.

"आणि ते थेंब? न तपासता दिलेले?"

"ते ज्युनियरने दिले. मी तिथे असते तर—"

"बाहेर पाटीवर नाव कुणाचं आहे?"

त्या हळूच म्हणाल्या, यापुढचं मंगळूचं सगळं आम्ही फुकट करू. मी म्हटलं, मला तुमचं फुकट नको. प्रत्येकाला दोन वाक्यं सांगा, एवढंच हवं. त्या म्हणाल्या, "बघू." बघू! डोळ्याच्या बाबतीत ही बाई मला "बघू" म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळूच्या पायाचा व्यायाम हॉस्पिटलमध्ये करून घ्यावा लागतो. तो झाल्यावर लगेच घरी यायचं, असा काही नियम नाही. बाहेर खुर्च्या आहेत. मी बसले. मंगळू पायाशी.

मी कुणाला काही सांगायला गेले नाही. लोकच विचारतात, "अरेरे, डोळ्याला काय झालं?" विचारलं की मी सांगते. पट्टी चांगली आहे, काढायची नाही, दुखू द्यायचं नाही, पण डोळ्याला ओलावा ठेवायचा, त्यासाठी मलम आतून मागून घ्या. एक आजोबा लॅब्रॅडॉर घेऊन आले होते, ते लगेच काउंटरवर जाऊन मलम मागायला लागले. काउंटरच्या मुलीला माहीत नाही कुठलं मलम. ती आत गेली. आतून तरुण डॉक्टर बाहेर आला, मला बघून परत आत गेला.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. "काकू, तुमचं काम झालं असेल तर गर्दी करू नका, प्लीज. पेशंट घाबरतात."

"मी फक्त विचारलेल्याचं उत्तर देते आहे," मी म्हटलं. "तुम्ही द्यायचं राहिलेलं."

हे गाडीत बसून होते. त्यांनी हाक मारली नाही, घाई केली नाही. उलट घरून निघताना चहाचा थर्मास घेतला होता, त्यावरून त्यांना किती वेळ लागणार ते आधीच माहीत असावं. मला मात्र माहीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा. जरबेऱ्याच्या ऑर्डरी पडून आहेत, ह्यांनी एकट्याने पहाटे फुलं काढून बाजारात पाठवली आणि मग आम्हाला सोडलं. सिक्युरिटीवाला आला होता. विनम्र माणूस, वणीचा. म्हणाला, "मावशी, मला सांगितलंय तुम्हाला उठवायला, पण कुत्र्याला कसं उठवू, त्याला चालता येत नाही नीट." मग तोच शेजारी बसला आणि मंगळूच्या कानामागे खाजवायला लागला.

मंगळूचा उजवा डोळा आज ओला दिसला. खरंच ओला, चमक असलेला. कागदाचा तुकडा लावायची गरज नाही मला ते कळायला. हे म्हणाले, "आज मिचकावतोय बघ." ह्या वेळी मी बसले त्यांच्याशेजारी आणि बघितलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज एक तरुण जोडपं आलं होतं. त्यांच्या पिंजऱ्यात बटाट्याएवढं तोंड आणि लिंबाएवढे डोळे असलेलं कुत्रं. त्याचंही ऑपरेशन झालेलं. ती मुलगी माझ्याकडे आणि मंगळूकडे बघून काहीतरी विचारणारच होती, तेवढ्यात आतला काचेचा दरवाजा उघडला आणि मॅडम स्वतः बाहेर आल्या. एरवी त्या बाहेर येत नाहीत, कंपाउंडरला पाठवतात.

त्यांनी मला बघितलं. मग त्या जोडप्याकडे वळून, दात आवळून, जरा मोठ्यानेच म्हणाल्या,

"ही दुखण्याची पट्टी आहे. काढायची नाही, त्याला दुखू द्यायचं नाही. पण ह्या औषधाने डोळ्यातलं पाणी कमी होतं. ह्याचे डोळे मोठे आहेत, त्यामुळे जास्त जपायचं. हे मलम, सकाळ-दुपार-संध्याकाळ आणि झोपताना, दोन्ही डोळ्यांत. डोळा लाल दिसला किंवा चिकटला, तर त्याच दिवशी मला दाखवायचं. मला. फोनवर नाही."

मुलगी म्हणाली, "बापरे, म्हणजे पट्टी धोक्याची आहे का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "न सांगणं धोक्याचं आहे."

आणि माझ्याकडे वळल्या. "झालं तुमचं समाधान, काकू?"

बाहेर गाडीजवळ हे उभे होते, काचेतून बघत होते. मला वाटतं, त्यांची इच्छा होती की मी हो म्हणावं.

"नाही," मी म्हटलं. "ह्या पोरांनी आयुष्यात कुत्र्याच्या डोळ्यात मलम घातलेलं नाही. घरी जाऊन त्याच्या नाकात घालतील. कसं घालायचं ते दाखवा."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. मग हातातली फाइल खुर्चीवर ठेवली, पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर केल्या आणि त्या चकाचक फरशीवर मांडी घालून बसल्या. कुत्र्याला पिंजऱ्यातून काढून मांडीवर घेतलं. अंगठ्याने खालची पापणी हळूच ओढली, मलमाची बारीक रेघ सोडली, पापणी मिटवून धरली. कुत्रं हललंसुद्धा नाही. ती मुलगी खाली वाकून बघत होती, तिचा नवरा मोबाइलमध्ये शूटिंग करत होता.

हात हलका आहे त्या बाईचा, अगदी ह्यांच्यासारखा. कबूल करते. म्हणून तर जास्त राग आला.